जुनी गाडी द्यायची, पण कुणाला? एक्स्चेंज, डीलर, ओळखीचा माणूस की स्क्रॅप

आमची वॅगनआर २०१० च्या दसऱ्याला आली. शोरूममधून थेट सारसबागेच्या गणपतीला, मग घरी. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. त्यानंतर पंधरा वर्षांत गाडीनं एकदाही आम्हाला रस्त्यात सोडलं नाही. रात्री दोन वाजता बाबांना दवाखान्यात नेलं ते तिच्यातूनच, बहिणीची पाठवणी तिच्यातूनच, आणि दर मे महिन्यात खंबाटकी चढून गावी जायचं तेही तिच्यातूनच. २०२५ मध्ये तिला द्यायचं ठरलं, तेव्हा घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता.

आधी भाव सांगते, कारण सगळे तेच विचारतात. ऑगस्टमध्ये शोरूमनं एक्स्चेंजला ४५ हजार सांगितले, ऑनलाइन विकत घेणाऱ्यांनी ६२ हजार, ओळखीतल्या एकानं ८० हजार, आणि स्क्रॅपचे २१ हजार. फरक मोठा दिसतो. तरी माझं म्हणणं असं की भावाच्या आधी एक प्रश्न विचारा: आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून, आपलं नाव कधी उतरणार?

हे मी अनुभवानं सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही स्कूटर एका एजंटाला विश्वासावर दिली. सह्या केलेले कोरे फॉर्म त्याच्याकडे राहिले, नाव आमचंच राहिलं. दीड वर्ष सिग्नल तोडल्याची चलनं बाबांच्या मोबाईलवर येत होती. ती चलनं होती म्हणून निभावलं. अपघात झाला असता तर? २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी नोंदीवर ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

आता एकेक पर्याय.

एक्स्चेंज सगळ्यात सोपं. नवी गाडी घ्यायची त्याच दिवशी जुनी तिथे लावून यायचं. पण जुन्या गाडीला दिलेला चढा भाव कधीकधी नव्या गाडीच्या सवलतीतून कापलेला असतो. म्हणून दोन कोटेशनं लेखी मागा, एक जुनी गाडी देऊन आणि एक न देता, आणि दोन्हींतली ऑन-रोड रक्कम शेजारी ठेवून बघा.

ऑनलाइनवाल्यांचा माणूस घरी येतो, रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावर टेकवतो, बॉनेटखाली फोटो काढतो. सकाळी ६२ सांगणाऱ्यांनी संध्याकाळी ५४ वर आणलं, कारण काय तर डावा फेंडर एकदा रंगवलाय. बाबांना फार लागलं ते. पण एक गोष्ट डीलरच्या बाजूनं आहे. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांत आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेल्या डीलरला गाडी दिली आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर फॉर्म २९सी नं तसं कळवलं, की तेव्हापासून गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. अधिकारपत्र नसेल तर चार पैसे जास्त मिळाले तरी गाडी देऊ नका.

स्क्रॅपबद्दल गैरसमज फार आहेत. दिल्लीत पंधरा वर्षं झालेल्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, म्हणून आपल्याकडेही पंधरा वर्षांनी गाडी मोडीतच जाते असं लोक समजतात. तसं नाही. महाराष्ट्रात फॉर्म २५ भरायचा, आरटीओत गाडी दाखवायची, ५,००० रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर भरायचा, की नोंदणी आणखी पाच वर्षं वाढते. वीस वर्षं ओलांडली की हेच शुल्क १०,००० होतं. पण तळाचा पत्रा गंजलाय, चासी वेल्डिंगवर उभी आहे, अशी गाडी दुसऱ्याच्या माथी मारू नये. ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या. तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला मिळतो, नव्या गाडीच्या नोंदणी शुल्कात माफी आणि रोड टॅक्समध्ये सवलत मिळते, आणि नोंदणी कायमची रद्द होते. कोपऱ्यावरचा भंगारवाला रोख पैसे देईल, पण नोंद तशीच राहते.

राहिला ओळखीचा माणूस. इथे मन सगळ्यात जास्त ओढतं. माझ्या मामेभावाला गाडी हवी होती आणि आईला ती घरातच राहावी असं वाटत होतं. मीच नको म्हटलं. नात्यात भाव बोलता येत नाही, ट्रान्सफरची घाई करता येत नाही, आणि सहा महिन्यांनी क्लचप्लेट गेली तर दोन्हीकडे मनं दुखावतात. त्यापेक्षा ओळखीच्या ओळखीतला माणूस बरा. आमच्या मिस्त्रींनीच एक शिक्षक सुचवले, सासवडकडच्या जिल्हा परिषद शाळेतले. मिस्त्रींना गाडीचा नट न् नट माहीत, त्यामुळे लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता.

आम्ही आणखी एक केलं, आणि ते कराच असं सांगेन. चांगल्या अवस्थेतली गाडी नोंदणी संपायच्या तोंडावर विकू नका. मुदतीआधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. आम्ही आधी नूतनीकरण करून घेतलं, नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी बसवली (त्याशिवाय आरटीओतली कामं अडतात), आणि दिवाळीनंतर गाडी ९८ हजारांना गेली. घेणाऱ्याला पाच वर्षांची निश्चिंती, आम्हाला खर्च वजा जाऊनही ऑगस्टपेक्षा जास्त पैसे.

व्यवहाराच्या दिवशी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आमच्यासमोर झाल्या आणि अर्ज त्याच दिवशी पोर्टलवर भरला. डिलिव्हरीच्या पावतीवर तारखेसोबत वेळही लिहिली, कारण त्या मिनिटापासून गाडी त्यांची. फास्टॅग बंद केला. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घेतलं. क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी ही सूट गाडीची नसून मालकाची असते. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर हा बोनस ५० टक्के होतो आणि नव्या गाडीच्या विम्यात वापरता येतो. लोक तो तसाच सोडून देतात, त्याचं वाईट वाटतं.

बाबांनी पंधरा वर्षं एक वही ठेवली होती. कुठल्या तारखेला ऑइल बदललं, टायर कधी फिरवले, बॅटरी कितव्या किलोमीटरला घेतली, सगळं निळ्या शाईत. ती त्यांनी सरांच्या हातात दिली. आईनं डॅशबोर्डवरचा गणपती मात्र काढून ठेवला आणि गाडीला शेवटचा नारळ वाढवला.

एकोणिसाव्या दिवशी नाव बदलल्याचा मेसेज आला. त्याच संध्याकाळी सरांचा फोन: "काका, मागचं डावं दार उघडत नाहीये." वहीत तेवढंच लिहायचं राहून गेलं होतं. बाबा म्हणाले, "हँडल आधी जरा वर उचला सर, मग ओढा." पलीकडून दार उघडल्याचा आवाज आला. तो आवाज आम्हा तिघांनाही लगेच ओळखू आला.