वाय-फाय की ब्लूटूथ : कॅमेऱ्यातले फोटो मोबाइलवर नेताना

कार्ड काढून रीडरमध्ये घालणे आणि रीडर मोबाइलला जोडणे हा मार्ग आजही सर्वांत भरवशाचा आहे, हे आधीच मान्य करतो. मात्र सप्ताह, लग्न किंवा शाळेचे स्नेहसंमेलन चालू असताना, भर गर्दीत उभ्याउभ्या कार्ड काढणे-घालणे मला पसंत नाही. कार्ड न काढता फोटो मोबाइलवर हवे असतील, तर निवड मुख्यतः दोहोंतच करायची असते : कॅमेऱ्याचे वाय-फाय किंवा त्याचे ब्लूटूथ.

वेगाचा मुद्दा लवकर निकाली निघतो, कारण तिथे वाय-फायला तोड नाही. २४ मेगापिक्सेलचा पूर्ण आकाराचा जेपेग (म्हणजे नेहमीच्या फोटोची फाइल) त्यावरून बोलता बोलता येतो, तर ब्लूटूथवरून तोच मागवायचा म्हटले की संयमाची परीक्षा होते. शिवाय वाय-फायमध्ये कॅमेरा स्वतःचेच छोटे नेटवर्क उभे करतो. त्यामुळे बालाघाटाच्या डोंगरात मोबाइलला रेंज नसली तरी फोटो उतरवून घेण्यात अडचण येत नाही.

अडचण येते ती रेंज असते तिथे. कॅमेऱ्याच्या या नेटवर्कला इंटरनेट नसते आणि मोबाइलला ते सहन होत नाही. जोडणी होताच पडद्यावर सूचना येते की या वाय-फायवर इंटरनेट उपलब्ध नाही, तरीही जोडलेले राहायचे का? आपण होकार देतो, कॅमेरा कंपनीच्या ॲपमध्ये लघुचित्रे दिसू लागतात, आपण हवे ते फोटो निवडतो, आणि निम्मे उतरतात न उतरतात तोच मोबाइल आपल्या मनाने मोबाइल डेटावर परत गेलेला असतो. यावर उपाय म्हणून मी फोटो घेण्यापूर्वी मोबाइल डेटा बंद करू लागलो. मग फोटो घेतल्यावर वाय-फाय तोडा, डेटा सुरू करा, ग्रुपवर टाका, आणि पुढच्या खेपेस तेच सारे पुन्हा. त्यातच अँड्रॉइड १३ च्या आधीच्या मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचे वाय-फाय शोधण्यासाठी ॲप लोकेशनही सुरू करायला लावते. काल्याचे कीर्तन संपून पंगत बसलेली असते, संयोजक मंडळींपैकी कोणीतरी “दादा, फोटो टाकले का?” म्हणून विचारत असते, आणि आपण मात्र सेटिंगमध्ये शिरलेले असतो. वाय-फायचा वेग माझ्या लेखी एवढ्याने निरर्थक ठरला. सर्वच मोबाइल इतके हटवादी असतील असे नाही. पण मी वापरलेल्यांपैकी एकानेही ही खोड पूर्णपणे सोडलेली नाही.

ब्लूटूथची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. निकॉनच्या स्नॅपब्रिज या मोबाइल ॲपमध्ये एकदा जोडणी करून ठेवली की काढलेला प्रत्येक जेपेग २ मेगापिक्सेलचा होऊन मागच्या मागे मोबाइलवर येत राहतो. मोबाइल खिशात असतो, त्याचा डेटा चालूच असतो, आणि कॅमेऱ्यालाही हात लावावा लागत नाही. पहिली पंगत उठेपर्यंत कीर्तनाचे बहुतेक फोटो आलेले असतात, एवढाच वेग मी सांगू शकतो आणि मला तेवढा पुरतो.

‘फक्त २ मेगापिक्सेल’ हे ऐकताना कमी वाटते. पण व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणते, म्हणजे मूळ फोटो कितीही मोठा असला तरी पाहणाऱ्याच्या हाती २ मेगापिक्सेलच्या आतबाहेरचाच पडतो. ग्रुपवर जायचे असलेले फोटो आधी पूर्ण आकारात उतरवायचे आणि मग व्हॉट्सॲपकडून लहान करून घ्यायचे, यात मला तरी काही हशील दिसत नाही. २०२३ पासून तिथे एचडीचा पर्याय आहे खरा. पण गावाच्या ग्रुपवर तो कोणी आग्रहाने मागितल्याचे मला आठवत नाही.

नाथसागरावर पक्षी टिपणाऱ्यांनी मात्र माझे ऐकू नये. दूरवरच्या रोहित पक्ष्याचा फोटो कातरायचा असेल तर २ मेगापिक्सेलमध्ये हाती काहीच उरत नाही, आणि रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, तर या आपोआप येणाऱ्या मार्गाने मिळतच नाही. त्यांच्यासाठी वाय-फाय बरे, रीडर त्याहून बरे. ब्लूटूथलाही स्वतःच्या कुरबुरी आहेत. जोडणी मोबाइलच्या ब्लूटूथ यादीतून न करता ॲपमधूनच करावी लागते, आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मोबाइल हे ॲप मागे बंद करून टाकतो. म्हणून त्या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध आधीच काढून ठेवावेत. सलग फटाफट फोटो काढण्याची सवय असेल तर रांगही बरीच लांबते.

जुन्या बाजारात कॅमेरा पाहत असाल तर दुकानदाराच्या ‘वायरलेस आहे’ या शब्दावर थांबू नये. कॅननच्या १५००डी मध्ये वाय-फाय आहे पण ब्लूटूथ नाही. निकॉनच्या डी३५०० मध्ये ब्लूटूथ आहे पण वाय-फाय नाही. डी५६०० मध्ये दोन्ही आहेत. कॅमेऱ्यात ब्लूटूथ असले तरी त्याच्यावरून फोटो येतीलच असेही नाही, कारण अनेक कॅमेऱ्यांत ब्लूटूथ केवळ ओळख ठेवण्यापुरते असते आणि प्रत्यक्ष फोटो वाय-फायवरूनच जातात. तुमचे बहुतेक फोटो अखेरीस ग्रुपवरच जाणार असतील, तर मी डी५६०० शोधेन, आणि तो न मिळाल्यास डी३५०० लाही नाही म्हणणार नाही. पैसे देण्यापूर्वी दुकानातच स्वतःच्या मोबाइलला जोडणी करून, चार फोटो काढून, मोबाइल डेटा चालू ठेवून ते येतात का एवढे पाहून घ्यावे.