किचन काटा, शिंप्याची टेप आणि ‘स्मार्ट’ वजनकाटा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पोटाची चरबी कमी करायची ठरली की बहुतेक घरांत आधी स्मार्ट वजनकाटा येतो. मोबाइलला जोडलेला, चरबीची टक्केवारी दाखवणारा. किचन काटा जमलं तर नंतर, आणि टेप शिवणाच्या डब्यात असतेच. आठ महिने तिन्ही वापरल्यावर क्रम वेगळाच लागतो. सगळ्यात जास्त काम केलं ते साडेतीनशे-चारशे रुपयांच्या किचन काट्याने, त्याखालोखाल टेपने. स्मार्ट काट्याचा उपयोग फक्त वजनापुरता.

सुरुवात किचन काट्यापासून. ५ किलो क्षमतेचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. पहिल्या आठवड्यात कळतं ते तेलाबद्दल. मोठा चमचा, म्हणजे १५ मिली तेल, भरतं साधारण १३-१४ ग्रॅम, आणि ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर १२० च्या वर जातं. फोडणीला बाटली तिरकी करून ‘अंदाजाने’ ओतलेलं तेल एका चमच्यात कधीच बसत नाही. एका माणसाच्या कांदेपोह्यांचं बघा: ६० ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे सुमारे २१० कॅलरी, १५ ग्रॅम तेल १३५, मूठभर शेंगदाणे (१५ ग्रॅम) ८५. वर खोबरं आणि शेव वेगळी. तेच पोहे ५ ग्रॅम तेलात, पोहे नीट भिजवून आणि झाकण ठेवून वाफ काढून केले तर ९० कॅलरी तिथेच वाचतात आणि चवीत फारसा फरक पडत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप धरलंय २७ ग्रॅम. सकाळचे पोहे, दुपारची भाजी आणि रात्रीची आमटी मिळून हा आकडा किती सहज ओलांडला जातो, ते काट्याशिवाय दिसत नाही.

पण तेल मोजताना काट्याची एक खोड माहीत हवी. भांडं ठेवून शून्य केलं आणि तेल बारीक धारेने सोडलं, तर पुष्कळ स्वस्त काटे पहिले काही ग्रॅम दाखवतच नाहीत. शून्यावर असताना होणारा अगदी हळू बदल ते वाऱ्याचा किंवा तापमानाचा समजून आपोआप पुसून टाकतात. उपाय सोपा आहे: बाटलीच काट्यावर ठेवायची, तेल ओतायचं, बाटली परत ठेवायची आणि वजाबाकी करायची. हिंग-मोहरीच्या भानगडीत पडू नका, तिथे मोजण्यासारखं काही नसतं. दाण्याचं कूट मात्र तेलाइतकंच काटेकोरपणे मोजा. १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी आहेत आणि कोशिंबिरीपासून वांग्याच्या भाजीपर्यंत ते सगळीकडे शिरतं.

दुसरी चूक कच्च्या-शिजलेल्याची. ही इतकी सर्रास होते की ‘सगळं मोजतो तरी वजन हलत नाही’ या तक्रारीत आधी तीच तपासावी. ५० ग्रॅम कोरडी मटकी मोड आल्यावर १०० ग्रॅमच्या वर जाते. मोड आलेली मटकी तोलून आकडा कोरड्या मटकीचा धरला, तर प्रथिनं दुप्पट खाल्ल्याचं समाधान फुकटचं मिळतं. भाताचं असंच आहे: ५० ग्रॅम तांदळाचा कुकरमध्ये साधारण १४० ग्रॅम भात होतो, पाण्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे. म्हणून एकच नियम ठेवा, धान्य-कडधान्य नेहमी कोरडं तोलायचं. पोळीला ३० ग्रॅम कणीक (सुमारे १०० कॅलरी), ज्वारीच्या मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ (सुमारे २००). चार दिवस तोलून गोळे केले की हाताला वजन बसतं. पुढे रोज तोलावं लागत नाही.

सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र असेल तर स्वतःचं ताट मोजायचं कसं, ही खरी अडचण. त्याला असं करा: घरातल्या दोन-तीन कढया आणि पातेल्यांचं रिकामं वजन एकदा कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उसळ झाली की कढईसकट तोला आणि कढईचं वजन वजा करा. उसळ ६०० ग्रॅम भरली आणि तुमच्या वाटीत २४० आली, तर घातलेल्या मटकी-तेल-कुटाचा ४० टक्के हिस्सा तुमचा. बस, एवढंच गणित. मोठं पातेलं ठेवलं की काट्याचे आकडे झाकले जातात, तेव्हा आधी एक वाटी पालथी ठेवून शून्य करा आणि पातेलं तिच्यावर ठेवा. गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवू नका, उष्णतेने आतला सेन्सर बिघडतो; मध्ये पोळपाट घाला. पोळपाट आणि बिडाची कढई मिळून ५ किलोंची हद्द लवकर येते, हे लक्षात असू द्या. पंख्याखाली काटा ठेवला तर आकडे नाचतात.

काट्यामुळे उघड होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे प्रथिनांचा तुटवडा. खाणं कमी करताना चरबीबरोबर स्नायूही जाऊ नयेत म्हणून रोज वजनाच्या किलोमागे निदान १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४. एका माणसाच्या वरणात ३० ग्रॅम तूरडाळ असते, तिच्यात साडेसहा ग्रॅम. ४० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यात आठ-नऊ, सोबतच्या भाकरीत सहा. ‘डाळ तर रोज खातो’ म्हणून ८४ गाठता येत नाहीत. दोन अंडी (१२), ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (११), ३० ग्रॅम सोया चंक्स (१५) किंवा १०० ग्रॅम सुरमई (सुमारे २०) यातलं काहीतरी दोन्ही जेवणांत लागतं. आणि उपासाचा साबुदाणा यात धरू नका. त्यात प्रथिनं नावालाही नसतात, वर तूप आणि दाणे.

आता टेप. शिंप्याकडची फायबरग्लासची, न ताणणारी घ्या. जुनी प्लॅस्टिकची टेप सैल पडते, स्टीलच्या पट्टीशी ताडून बघितली की कळतं. जागा महत्त्वाची. पँटचा पट्टा किंवा परकराची नाडी बसते ती कंबर नव्हे. सगळ्यात खालची बरगडी आणि कुल्ल्याच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर, उभं राहून, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजायचं. दोनदा मोजा, अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पंधरा दिवसांतून एकदा पुरे. भारतीयांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० धरतात. वजन अडलेलं असताना कंबर उतरत असते, असे महिने येतात, आणि तेव्हा धीर टेपच देते.

स्मार्ट काट्याची चरबीची टक्केवारी कुठून येते ते समजलं की तिच्यावरचा राग जातो. तळव्यांखालच्या धातूच्या पट्ट्यांमधून अगदी सौम्य वीजप्रवाह एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून खाली येतो. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून अडखळत. या अडथळ्यावरून आणि तुम्ही भरलेल्या उंची, वय, लिंगावरून सूत्राने टक्के काढले जातात. प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो, पोटाचा बहुतेक अंदाजच. त्यामुळे पाणी कमी प्यायलं, नुकताच व्यायाम झाला, टाचांना भेगा आहेत किंवा अंघोळीनंतर तळवे ओले आहेत, एवढ्यानेही आकडा हलतो. अ‍ॅपमध्ये ‘खेळाडू’ हा पर्याय निवडला तर चरबी काही टक्क्यांनी एका क्षणात घटते! ‘हाडांचं वजन’ आणि ‘शरीराचं वय’ हे त्याच सूत्राचे भाऊबंद. घरात दोघांची वजनं जवळजवळ सारखी असतील तर एकाची नोंद दुसऱ्याच्या खात्यात जाते, तीही अधूनमधून तपासावी. पेसमेकर असलेल्यांनी या काट्यावर उभं राहू नये. गरोदरपणीही नको.

वजनासाठी मात्र तो चांगला आहे, अट एवढीच की सपाट फरशीवर ठेवा. जुन्या शहाबादीवर एक पाय अधांतरी राहतो आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. सतरंजीवर तर ठेवूच नका. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्या-पिण्याआधी वजन करून सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीचीच तुलना करा. रात्री मिसळ-पापड-लोणचं झालं की सकाळी किलोभर जास्त दिसतं, ते मिठाने धरलेलं पाणी. उलट, पहिल्या आठवड्यात झटकन उतरलेले दीड-दोन किलोही बरेचसे पाणीच असतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे रोज ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास. पाळीच्या आधी वजन चढतं, म्हणून बायकांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडावं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. साखर एकदम उतरू शकते.

व्यायामाकडून वजनात मोठी घट मागू नका. ७० किलोच्या माणसाला ५ किलोमीटर चालून सुमारे २५० कॅलरी जातात, म्हणजे वरच्या पोह्यांच्या बशीहून कमी. मनगटावरचं घड्याळ सांगेल तेवढं परत खाल्लं तर तूट संपलीच. व्यायामाचं काम स्नायू टिकवण्याचं आहे: आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर आणि ओढण्याचा एखादा प्रकार (खिडकीच्या गजाला अडकवलेला रबरी पट्टा चालतो), बाकी दिवस चालणं. सूर्यनमस्कार छान, पण त्यात ओढण्याची क्रिया नाही, पाठ अर्धवट राहते. नवीन व्यायाम सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे वजन थांबू शकतं. ठणकणारे स्नायू पाणी धरतात.

तीन-चार महिन्यांनी घट मंदावते. हलक्या शरीराला कमी लागतं, हे एक कारण. दुसरं जास्त वेळा सापडतं: हाताचा अंदाज पुन्हा सैल झालेला असतो. तेव्हा जेवण कापण्याआधी आठवडाभर तेलाची बाटली सकाळी आणि रात्री तोला, आणि त्या फरकाला घरातल्या जेवणाऱ्या माणसांनी भागा.