स्विच २, स्टीम डेक, अ‍ॅली की लीजन गो: हँडहेल्ड निवडण्याआधी

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र, घ्यायचा विषय निघाला की चर्चा लगेच चिपवर घसरते. झेड१ एक्स्ट्रीम बरी की झेड२ एक्स्ट्रीम, एनव्हिडिया की एएमडी. चिपचा नंबर तिसरा लागतो. आधी बघायचं ते तुमचे गेम कोणत्या खात्यावर आहेत. त्यानंतर, चार्जरपासून लांब बसून एका दमात किती वेळ खेळायचं आहे. एवढं नक्की झालं की निम्मी यंत्रं यादीतून आपोआप गळतात आणि उरलेल्यांची तुलना खरोखर उपयोगाची होते.

निंटेंडोचे गेम हवे असतील तर निर्णय झालेलाच आहे, कारण मोबाइलवरचे थोडे सोडले तर ते अधिकृतपणे दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत. निंटेंडोचा स्विच २ जून २०२५ मध्ये आला. ७.९ इंचांचा १०८०पी एलसीडी, १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा बदलणारं चित्र), व्हीआरआर (गेमच्या वेगानुसार बदलणारा स्क्रीनचा वेग), २५६ जीबी स्टोरेज आणि जॉय-कॉन २ (दोन बाजूंचे सुटे कंट्रोलर) लावून सुमारे ५३४ ग्रॅम वजन. इथल्या मोठ्या यंत्रांत हा सगळ्यात हलका आहे, आणि पडून खेळताना हा फरक लगेच कळतो. डीएलएसएसमुळे (एआयने चित्र मोठं करण्याचं एनव्हिडियाचं तंत्र) कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्रही बरंच स्वच्छ दिसतं. पहिल्या स्विचचे बहुतेक गेम यावर चालतात.

खटकणाऱ्या गोष्टी मात्र आधीच माहीत असाव्यात. हा एलसीडी रंग बदलायला मंद आहे. कॅमेरा वेगाने फिरवला की कडा पुसट होतात. २०२१ चा स्विच ओलेड ज्यांच्या हातात बसलाय त्यांना काळ्या रंगाची खोलीही इथे कमी वाटेल. कार्डाच्या बाबतीत स्विच २ फक्त मायक्रोएसडी एक्स्प्रेस स्वीकारतो. घरात पडलेलं जुनं मायक्रोएसडी लावलंत तर त्यावरचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ तेवढे काढून घेता येतील, गेम साठवता येणार नाहीत. म्हणून कार्ड घेताना पाकिटावर ‘ईएक्स’ ही खूण आहे का ते बघा. दुकानात दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी टांगलेली असतात, आकारही सारखाच. बॉक्समधले गेमही नीट तपासा. काही बॉक्समध्ये गेम-की कार्ड असतं. त्यात गेम नसतो, नुसती परवानगी असते. अख्खा गेम डाउनलोड करावा लागतो आणि वर खेळताना कार्डही खोचलेलंच लागतं. बॉक्सच्या पुढच्या बाजूला तसं छापलेलं असतं. आमच्या मते, गेम विकत-बदलत खेळणाऱ्यांनी हे सर्वांत आधी पाहावं.

जॉय-कॉन २ चुंबकाने बसतात आणि मागचं बटण दाबल्याशिवाय सुटत नाहीत, पकड भक्कम आहे. पण स्टिक हॉल इफेक्टच्या नाहीत, हे निंटेंडोने स्वतः सांगितलं आहे. साध्या स्टिकमध्ये एक छोटी पट्टी आणि त्यावर घासत फिरणारा संपर्क असतो. पट्टी झिजली की हात न लावताही पात्र एका बाजूला सरकू लागतं, तोच ड्रिफ्ट. हॉल इफेक्टमध्ये चुंबकाची जागा न शिवता मोजली जाते, त्यामुळे झिजायला तिथे काही नसतं. टीव्हीला जोडून खेळणार असाल तर पहिल्या स्विचचा डॉक (टीव्हीला जोडणारी बैठक) चालणार नाही.

आता ज्यांचे गेम स्टीमवर, म्हणजे वाल्व्हच्या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, आहेत त्यांचं. इथे आमचं मत स्पष्ट आहे: स्टीम डेक ओलेड. हे मॉडेल नोव्हेंबर २०२३ चं आहे, चिप त्याहून जुन्या घडणीची, आणि स्क्रीन १२८० बाय ८००. कागदावर हे सगळं मागासलेलं दिसतं. तरीही पसंती का, हे पिक्सेल मोजले की कळतं. १२८० गुणिले ८०० म्हणजे दहा लाखांच्या थोडं वर. १०८०पी म्हणजे वीस लाखांच्या वर. २५६० बाय १६०० म्हणजे चाळीस लाखांच्या वर. चिप १५ वॅटवर चालणार असेल तर दर फ्रेमला (एका चित्राला) दहा लाख पिक्सेल काढणं तिला झेपतं. चाळीस लाख काढायला सांगितले की सेटिंग खाली आणावं लागतं, मग ती महागडी स्क्रीन कशासाठी? ७.४ इंचांवर, हातभर अंतरावरून, ८००पी टोचत नाही. मजकूर बारीक असलेले गेम तेवढे अपवाद.

बॅटरीचा हिशेबही जाहिरातीत बघू नका, वॅटमध्ये करा. चिपला १५ वॅट दिले तर स्क्रीन, पंखा, रॅम, वायफाय मिळून वर आणखी सहा-सात वॅट जातात. डेक ओलेडची बॅटरी ५० वॅट-अवर. भागाकार करा: जड गेमला सव्वादोन तासांच्या आसपास. जुन्या एलसीडी डेकमध्ये बॅटरी ४० वॅट-अवर आणि एकूण खर्चही थोडा जास्त, म्हणून तिथे दीड-पावणेदोन तास. हलक्या द्विमितीय गेमला एकूण खर्च आठ-नऊ वॅटवर येतो आणि तोच ओलेड पाच-सहा तास सहज काढतो. दहा वॅटच्या खाली डेकची चिप काटकसरी आहे. असूसच्या अ‍ॅलीतल्या झेड१ एक्स्ट्रीमला तिथे धाप लागते, ती खुलते पंधराच्या वर.

डेक हातात आल्यावर पहिल्या दिवशी करायचं काम हे. गेम चालू असताना उजवीकडचं तीन टिंबांचं बटण दाबा, परफॉर्मन्स विभागात जा आणि त्या गेमपुरतं वेगळं प्रोफाइल चालू करा. हे विसरलात तर पुढचे बदल सगळ्या गेमना लागू होतील. मग फ्रेम मर्यादा ४५ वर ठेवा, म्हणजे स्क्रीन ९० हर्ट्झवर राहते आणि प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते. जुन्या एलसीडी डेकवर हाच आकडा ४०. साठ एफपीएसला (सेकंदाला साठ फ्रेम) एक फ्रेम १६.७ मिलीसेकंदांत येते, तीसला ३३.३ मध्ये आणि चाळीसला २५ मध्ये. हे बरोबर मधोमध पडतं, म्हणून तीसपेक्षा चाळीस इतकं सुखद वाटतं. आता टीडीपी (चिपला मिळणारे वॅट) मर्यादा चालू करून १५ पासून एकेक वॅट खाली या आणि फ्रेमटाइमच्या (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेच्या) आलेखावर नजर ठेवा. रेघ सरळ आहे तोवर उतरत राहा. दातेरी व्हायला लागली की एक वॅट परत वर. ही तपासणी मेनूत किंवा बंद खोलीत करू नका, गेममधल्या गर्दीच्या जागी उभं राहून करा, नाहीतर पुढे ऐन लढाईत अडखळेल.

डेकचा खरा मोठेपणा झोप आणि जाग यात आहे. पॉवर बटण दाबलं की गेम तिथेच थिजतो, पुन्हा दाबलं की काही सेकंदांत तिथूनच चालू. दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत खेळणाऱ्यासाठी याहून मोलाची सोय नाही. दोन टचपॅडमुळे माउसवर चालणारे डावपेचाचे गेमही खेळता येतात. असं इतर कुठेच इतकं नीट जमत नाही.

अडतं ते ऑनलाइन गेममध्ये. डेकवर लिनक्सवर उभी असलेली स्टीमओएस आहे. विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या थरातून चालतात आणि बहुतेक उत्तम चालतात. पण अँटी-चीट (फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालू द्यायला गेमच्या कंपनीने परवानगी दिली नाही तर तो गेम चालतच नाही. फोर्टनाइट, व्हॅलोरंट, डेस्टिनी २ यांच्या बाबतीत हेच आहे. तुमचा रोजचा गेम यातला असेल तर डेक घेऊ नका. डेकवर विंडोज टाकता येतं हे खरं, पण झोप-जागेची मजा त्यात जाते आणि मग डेक घेण्यात अर्थ उरत नाही. गेमच्या पानावरची ‘व्हेरिफाइड’ खूण चांगली खूणगाठ आहे, पण तीत फ्रेमरेट प्रत्येक ठिकाणी टिकेल याची हमी नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतले सर्वांत जड गेम डेकवर ३० एफपीएसलाही कष्टाने पोचतात.

गेम पास (मायक्रोसॉफ्टची गेमची वर्गणी), एपिक (पीसी गेमचं दुसरं दुकान) आणि वरचे ऑनलाइन गेम असा ज्यांचा साठा आहे, त्यांनी विंडोजवाली यंत्रं बघावीत. यात आम्ही असूसच्या अ‍ॅली एक्सच्या बाजूने आहोत. जुलै २०२४ चा अ‍ॅली एक्स असो की ऑक्टोबर २०२५ चा एक्सबॉक्स अ‍ॅली एक्स, दोघांत ८० वॅट-अवरची बॅटरी, २४ जीबी रॅम आणि ७ इंचांचा १०८०पी, १२० हर्ट्झचा व्हीआरआर स्क्रीन. पहिला ६७८ ग्रॅमचा, दुसरा ७१५. व्हीआरआर म्हणजे गेमचा वेग बदलला की स्क्रीनही आपला वेग बदलते, त्यामुळे ५२ ते ६० मध्ये हेलकावणारा गेमही गुळगुळीत दिसतो. हे सुख डेकवर नाही. साधा एक्सबॉक्स अ‍ॅली मात्र झेड२ ए चिपवर आहे, ती डेकच्याच पिढीची. नावातल्या एका अक्षराने यंत्राचा वर्गच बदलतो, तेव्हा ऑर्डर करताना अक्षरं मोजून घ्या.

विंडोजचं दुखणं झोपेचं आहे. स्लीपमध्ये ठेवलेलं यंत्र पिशवीत स्वतःहून जागं होतं, तापतं आणि बॅटरी रिकामी करून ठेवतं. उपाय साधा: पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट (चालू काम डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणं) द्या. जागं व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, पण बॅटरी जशी ठेवली तशी सापडेल. दुसरी गोष्ट ग्राफिक्सच्या मेमरीची. या यंत्रांत रॅम एकच असते आणि तिचा वाटा ग्राफिक्सला काढून द्यावा लागतो. २४ जीबीमध्ये ८ जीबी बिनधास्त द्या. १६ जीबीच्या यंत्रात ८ दिलेत तर विंडोज आणि गेमला आठच उरतात आणि धक्के बसू लागतात. तिथे ४ पासून सुरू करून ६ पर्यंत जाऊन पाहा. ऑक्टोबरच्या मॉडेलांसोबत आलेल्या एक्सबॉक्सच्या फुल-स्क्रीन मोडमध्ये डेस्कटॉपचा भार टाळला जातो, तो चालू ठेवणं फायद्याचं.

२०२३ चा मूळ अ‍ॅली जुना म्हणून स्वस्तात दिसेल. त्यात बॅटरी ४० वॅट-अवरचीच आहे आणि उष्णतेमुळे एसडी कार्ड रीडर बिघडू शकतो हे असूसने मान्य केलं होतं. गेम आतल्या एसएसडीवरच ठेवायची तयारी असेल तरच घ्या.

लेनोव्होच्या लीजन गोचं आकर्षण त्याचा ८.८ इंचांचा स्क्रीन आणि सुटे होणारे कंट्रोलर. स्टिक हॉल इफेक्टच्या आहेत, हे खरंच कौतुकाचं. पण वजन ८५४ ग्रॅम आणि बॅटरी ५० वॅट-अवरच्याही किंचित खाली. स्टँडवर टेबलावर ठेवून खेळणाऱ्याला हे शोभतं, हातात धरून खेळणाऱ्याची मनगटं भरून येतात. मूळ मॉडेलवर गेम १२८० बाय ८०० ला लावून इंटिजर स्केलिंग चालू करा. २५६० बाय १६०० चा तो दोन्ही दिशांना नेमका निम्मा आहे, म्हणून एका पिक्सेलचे बरोबर चार होतात आणि कडा धूसर होत नाहीत. लीजन गो २ मध्ये ओलेड आणि ७४ वॅट-अवर आले, सोबत वजनही ९२० ग्रॅमवर गेलं. स्टीमओएस हवं पण डेकपेक्षा मोठा स्क्रीन आणि व्हीआरआरही हवा, अशांसाठी मे २०२५ पासून मिळणारा स्टीमओएसवाला लीजन गो एस हा चांगला मधला रस्ता आहे: ८ इंच, १९२० बाय १२००, १२० हर्ट्झ. त्यातला टचपॅड मात्र जेमतेम बोटभर.

प्लेस्टेशन पोर्टल या स्पर्धेतला नाहीच. त्याच्यात गेम चालत नाही, तो वायफायवरून येणारं चित्र दाखवतो. घरात पीएस५ असेल आणि वायफाय भक्कम असेल तर ८ इंचांचा स्क्रीन आणि ड्युअलसेन्सची (पीएस५ च्या कंट्रोलरची) पकड छान आहे. सोनी किमान ५ आणि शक्यतो १५ एमबीपीएस सांगते, पण वेगापेक्षा राउटर कोणत्या खोलीत आहे याने जास्त फरक पडतो. ब्लूटूथ हेडफोन त्याला जोडता येत नाहीत.

जुने गेमबॉयच्या काळातले गेमच खेळायचे असतील तर या सगळ्यांवर खर्च करू नका, छोटी रेट्रो यंत्रं पुरतात. तिथेही पिक्सेलचं गणित तेच: गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र २४० बाय १६०, त्यामुळे ७२० बाय ४८० चा स्क्रीन त्याला तंतोतंत तिप्पट बसतो. सोबत आलेलं एसडी कार्ड आल्या दिवशीच बदला. ती कार्डं हलक्या प्रतीची असतात आणि जाताना सेव्ह फाइल घेऊन जातात.

सेकंड-हँड घेताना समोर बसून चार गोष्टी तपासा. स्टिकच्या कॅलिब्रेशनच्या पडद्यावर स्टिक कडेपर्यंत फिरवून सोडा, बिंदू दर वेळी मध्यावर परतला पाहिजे. विंडोजच्या यंत्रावर बॅटरी रिपोर्ट काढा आणि मूळ क्षमतेशेजारी आत्ताची पूर्ण क्षमता ठेवून बघा. स्विच असेल तर ईशॉपमध्ये (निंटेंडोच्या ऑनलाइन दुकानात) शिरून दाखवायला सांगा, कारण निंटेंडोने बंदी घातलेला कन्सोल ऑनलाइन जात नाही आणि ते बाहेरून दिसत नाही. डेक उघडलेला असेल, एसएसडी बदललेला असेल, तर एसडी कार्ड खोचून काढून पाहा. कार्ड आत ठेवूनच मागचं झाकण उघडलं की कार्ड मधोमध तुटतं, आणि तुकडा आतच अडकलेला असू शकतो.