एकाच जागी चार-पाच जातींचे मासे: बेळगाव परिसरात गळ कोठे टाकावा?

रविवारचा एकच मोकळा दिवस हाताशी आहे आणि रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प), तिलापिया, जमल्यास एखादी मरळ किंवा शिंगाळा यांपैकी निदान तीन-चार जाती एकाच काठावर गळाला लागाव्यात अशी इच्छा आहे, तर बेळगावहून कोणत्या दिशेला निघावे, असे मला अनेकदा विचारले जाते. पाणी जितके मोठे तितके मासे अधिक प्रकारचे, ही समजूत या प्रश्नात बहुतेक वेळा आधीपासूनच असते आणि ती पुरती खरी नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील मासे असून साठलेल्या पाण्यात ते सहसा वीण करीत नाहीत. त्यामुळे ज्या तलावात दरवर्षी बोटुकली (माशांची बोटभर पिले) सोडली जाते तेथेच ते खात्रीने मिळतात. मरळ, शिंगाळा, वाम हे मासे मात्र कोणी सोडावे लागत नाहीत. त्यांना पाणवनस्पती, दगडांच्या कपारी आणि नदीशी जोडलेले पाणी लागते. म्हणून या तलावात बी कोण सोडतो आणि येथे नदीचे ताजे पाणी येते का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय जागा ठरवू नये.

पहिला पर्याय गावतलावांचा. आपल्या भागात तळी इतकी जुनी आहेत की बेकिनकेरेसारख्या गावाच्या नावातच कानडीतील ‘केरे’ म्हणजे तळे आले आहे. बहुतेक गावतलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो. ठेकेदार पावसाळ्यात बोटुकली सोडतो आणि उन्हाळ्यात पाणी तळाला जाऊ लागले की जाळे ओढून मासा बाहेर काढतो. या चक्राचा गळवाल्याने नीट विचार करावा. दिवाळीच्या सुमारास तलाव तुडुंब आणि देखणा असतो, पण त्यातील मासा अजून लहान असतो. माघ-फाल्गुनात पाणी उतरलेले असते, मासा मात्र वाढून एकवटलेला असतो. म्हणून जाळे पडण्यापूर्वीचे, जानेवारी ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस गावतलावासाठी मला सर्वांत चांगले वाटतात.

अशा तलावावर विविधता मिळते ती पाण्याच्या थरांमुळे. कटल्याचे तोंड वर वळलेले असते आणि तो वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात फिरतो, मृगळ आणि सायप्रिनस तळचा गाळ उकरतात, तर गवत्या (ग्रास कार्प) काठच्या हिरवळीकडे येतो. एकाच जागी बसून बूच (पाण्यावर तरंगणारी खूण) दोरीवर खाली-वर सरकवले तरी सकाळभरात तीन जातींना आमिष दाखवता येते. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि थोडा गूळ कणकेत मळून केलेला गोळा रोहू-कटल्याला चालतो. मृगळ आणि सायप्रिनस गांडुळाला अधिक लवकर येतात. बुचाकडे पाहूनही पुष्कळ कळते. तिलापिया टोचे मारतो आणि बूच थरथरत राहते. मृगळ आमिष तोंडात धरून सावकाश चालू लागतो, तेव्हा बूच बुडत नाही, आडवे होऊन एका बाजूला सरकत जाते. नवखा माणूस ते बुडण्याची वाट पाहतो आणि तेवढ्यात मासा निसटतो.

परवानगीच्या बाबतीत मात्र गावतलाव सर्वांत नाजूक आहे. ठेका दिलेल्या पाण्यातील मासा हा ठेकेदाराने पैसे घालून वाढवलेला माल असतो. एका गावी मी केवळ ओळखीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर बसलो होतो. दुपारी ठेकेदाराचा माणूस आला आणि सर्वांसमोर उठावे लागले. चूक माझीच होती. आधी ग्रामपंचायतीत तलाव कोणाकडे आहे हे विचारावे, मग त्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटून किती मासे नेणार आणि किलोमागे काय द्यायचे हे ठरवावे.

शहराच्या जवळची दोन पाणी मी या निवडीतून प्रथमच वगळतो. किल्ला तलाव ही फिरायला येणाऱ्यांची जागा आहे, गळाची नव्हे. राकसकोप जलाशय पिण्याच्या पाण्याचा आहे. जून-जुलैत त्याची पातळी २४७५ फुटांकडे, म्हणजे तुडुंब भरण्याकडे, किती सरकली, हे सारे शहर वर्तमानपत्रात रोज पाहत असते. त्या पाण्याच्या काठी आमिष कालवत बसणे योग्य नाही.

दिवसभराची तयारी असेल तर माझे मत स्पष्टपणे हिडकलच्या बाजूने आहे. हिडकल धरणाचा राजा लखमगौडा जलाशय ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचा आहे, पण त्याचे महत्त्व केवळ त्या आकड्यात नाही. घटप्रभा आणि ताम्रपर्णी या दोन्ही नद्यांचे चंदगड तालुक्यातील पाणी या जलाशयाला येऊन मिळते. त्यामुळे भिंतीजवळचे खोल पाणी आणि दड्डी गावाच्या बाजूचे, जेथे नदी संथ होऊन जलाशयात विरते ते पाणी, हे माशांच्या दृष्टीने दोन वेगळे मुलूख आहेत. गळवाल्याने भिंतीकडे न जाता वरच्या अंगाला जावे. तेथे नदीतून वाहून येणारे अन्न असते, बुडालेल्या बांधांचे दगड असतात, काठाला गवत असते. जलाशयात सोडलेले रोहू-कटला आणि नदीचे स्वतःचे शिंगाळा, वाम, मरळ हे एकाच परिसरात सापडण्याची शक्यता येथे सर्वाधिक आहे. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर हुन्नूरचे विठ्ठल मंदिर उघडे पडते, तसेच जुने बांध, विहिरी आणि पायवाटाही दिसू लागतात. एप्रिल-मेमध्ये एकदा गळ न घेता जाऊन हा उघडा तळ पाहून ठेवावा, कारण पुढच्या कार्तिकात त्याच बांधाच्या कडेला गळ टाकता येतो. एका जुन्या बांधावर मी अशी खूण धरून ठेवली होती. पाणी चढल्यावर त्याच रेषेत दोरीला बांधलेले शिशाचे वजन सोडले, ते आधी मऊ गाळात रुतत होते आणि दोन हात पुढे टाकताच दगडावर टक्कन वाजल्यासारखे बोटांना जाणवले. त्या दिवशीचे दोन्ही शिंगाळे त्या दगडाच्या कडेलाच लागले.

हिडकलचे तोटेही सांगितले पाहिजेत. पावसाळ्यात लाल पाणी येते आणि ते निवळेपर्यंत काही लागत नाही. पातळी झपाट्याने बदलते, म्हणून मागच्या आठवड्याची जागा या आठवड्यात कमरेएवढ्या पाण्यात गेलेली असू शकते. काठचा वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि त्यात माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. मुलांना घेऊन जाणाऱ्याने ही जागा निवडू नये. मत्स्य खात्याच्या परवान्याची चौकशी आधी करावी आणि तेथील कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुणा पाहून त्यांच्यापासून दूर बसावे.

सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण मलप्रभेवर असून त्याची क्षमता सुमारे ३७ टीएमसी आहे. हे पाणी उघड्या काळ्या रानात पसरलेले आहे. सावली कमी, वारा जास्त. दुपारी लाटा उठल्या की बूच वाचताच येत नाही, म्हणून तेथे तळाशी शिसे टाकून बसणाऱ्यालाच यश येते. सायप्रिनस आणि मृगळ हवे असतील तर ठिकाण उत्तम आहे, पण जातींच्या विविधतेत मी ते हिडकलच्या खाली ठेवतो. बेळगावहून अंतरही बरेच आहे. यल्लम्माच्या दर्शनाला जाणे असेल तरच तो प्रवास सार्थकी लागतो.

खानापूर तालुक्यात हीच मलप्रभा अगदी निराळी आहे. कणकुंबीला उगम पावून ती खाली येते तेव्हा असोग्याच्या परिसरात खडक, डोह आणि झाडांची सावली असलेली नदी असते. येथे मोठा कटला मिळेल अशी आशा धरू नये. देशी, लहान, वेगवेगळ्या अंगकाठीचे मासे मात्र येथे भेटतात आणि बारीक दोरी, लहान गळ एवढ्यावर दिवस आनंदात जातो. चुकून महसीर लागलाच तर हात ओला करून, पाण्याबाहेर फार न ठेवता सोडून द्यावा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत गळ नेऊच नये. घटप्रभेवरचा धूपदाळ बंधाराही पक्षी अभयारण्यात येत असल्याने कितीही मोहक वाटला तरी तो पर्याय नाही. मार्कंडेय नदीवरील शिरूर धरण लहान आहे; हिडकलच्या वाटेवर वेळ उरला तर पाहावे, त्यासाठी वेगळा दिवस काढण्याइतके कारण मला आढळले नाही.

सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे कायद्याने गुन्हा आहे आणि असा प्रकार दिसला तर त्या पाण्यावर वर्षभर विविधतेची आशा सोडावी, कारण त्यात पिले आणि झिंगेही मरतात. जून ते ऑगस्ट हा विणीचा काळ असल्याने अंड्यांनी भरलेली मादी लागली तर ती परत सोडावी.

प्रथमच गळ धरणाऱ्याने, किंवा सोबत दहा-बारा वर्षांचे मूल असणाऱ्याने, फेब्रुवारीत परवानगी घेतलेला जवळचा गावतलाव निवडावा आणि उजाडताच पोहोचावे. मात्र रात्रभर उकाडा आणि ढग असतील आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडे ठेवून हवा घेताना दिसले, तर पाण्यातील प्राणवायू कमी झालेला असतो. त्या सकाळी ते काही खात नाहीत. ऊन वर येईपर्यंत चहा घेऊन थांबावे. गळाची सवय असलेल्याने ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत दड्डीच्या बाजूला दिवस काढावा. दोन काठ्या न्याव्यात: एक बुचाची, मधल्या थरासाठी, दुसरी जड शिशाची, गांडूळ लावून दगडाच्या कडेला सोडलेली. सूर्य कलला की पहिली गुंडाळून ठेवावी आणि दुसरीच्या टोकावर नजर ठेवावी, कारण शिंगाळा अंधार पडू लागल्यावरच काठाकडे येतो.