रातकिड्यांच्या हमीखरेदीत माझे 67,000 रुपये कसे गेले

हमीखरेदी, करारपत्र, परत मिळणारी अनामत हे शब्द कानावर पडले की कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाने जागे व्हायला हवे, कारण 2019 मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या नावाने याच पट्ट्यात किती घरे बुडाली ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. तरीही 14 जूनला मी 67,000 रुपये मोजले: नोंदणीचे 3,000, पैदाशीच्या रातकिड्यांच्या 10 क्रेटचे 52,000 आणि अनामत 12,000.

मी हावरटपणा केला, असे कोणी म्हणू नये. माझ्याकडे व्हेल्ड कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा एक परदेशी सरडा आहे. त्याला जिवंत किडेच लागतात, आणि ज्याला मी पैसे दिले तो रातकिडे विकणारा माणूस आठ महिने मला दोन रुपये नगाने चांगले रातकिडे देत होता. एकदाही मोजणीत कमी दिले नाहीत. म्हणून ‘तुम्ही पैदास करा, मी सव्वा रुपयाने सगळा माल उचलतो’ यावर विश्वास बसला. सलग आठ महिने प्रामाणिक वागणे हाच त्याच्या सापळ्याचा भाग असेल, हे कसे सुचणार?

मात्र एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही. शिरोलीच्या पुढे त्याच्या शेडमध्ये गेलो तेव्हा आवाज इतका होता की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. तो म्हणाला, “जेवढं वरडत्यात, तेवढी पैदास जोरात हुतीया बघा, साहेब.” मी खूश झालो. रातकिड्यांत फक्त नर पंख घासून आवाज करतो आणि मादीच्या शेपटाशी अंडी घालण्याची सुईसारखी नळी असते, हे मला ठाऊक होते. घरच्या लहान डब्यात ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्श्यात) सुई खुपसून बसलेल्या माद्या मी कितीदा पाहिल्या होत्या. त्या दिवशी पुठ्ठ्याचा एक ट्रे उचलून खाली वाकून पाहिले असते, तर सौदा तिथेच मोडला असता.

तीस अंशांच्या आसपास अंडी दहा ते तेरा दिवसांत फुटतात. 29 जूनपर्यंत मूठभर पिलांखेरीज काही दिसले नाही, उलट मोठे किडे पटापट मरू लागले. ‘कोल्हापूरच्या पावसात कोकोपीटला बुरशी येते, थांबा,’ असे सांगून त्याने माझा आणखी एक आठवडा घेतला. शेवटी एका क्रेटमधले मेलेले-जिवंत सगळे 340 किडे मोजले, तेव्हा त्यांत माद्या निघाल्या 11. माद्या स्वतःकडे ठेवून त्याने वय झालेले नर मला विकले होते. 6 जुलैपासून त्याचा फोन बंद आहे.

8 जुलैला पोलीस ठाण्यात गेलो. करारपत्र पाहण्याआधीच मला विचारले गेले की असा सरडा पाळणे गुन्हा नाही का. आपल्याकडच्या घोयरा सरड्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तो घरात ठेवता येत नाही, हे खरेच आहे. पण माझा प्राणी येमेन-सौदी अरेबियाकडच्या जातीचा आहे आणि त्याची ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी आहे, हे कागद दाखवून पटवण्यात दीड तास गेला. फसवला गेलो मी आणि खुलासे देत उभा होतो मी. नंतर ‘स्टॅम्पपेपर आहे म्हणजे बाब दिवाणी आहे’ असे सांगून परत पाठवले. दुसऱ्या सरकारी कार्यालयात ‘किडे आमच्याकडे येत नाहीत’ हे उत्तर मिळाले, तिसऱ्यात साहेब बैठकीला गेले होते, चौथ्यांदा गेलो तेव्हाही बैठकच चालू होती. चार खेपांनंतर माझ्या हातात पोचपावतीसुद्धा नव्हती.

पैसे यूपीआयने गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. मी 24 दिवसांनी केला, तोवर खात्यात काय उरणार? देण्याआधी ठरवून फसवले असेल तर करारपत्र असूनही ती फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचे कलम 318 त्यासाठीच आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) नुसार तिचा मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येतो. हे मला कोणत्याही टेबलावर कोणी सांगितले नाही, एका वकील मित्राने सांगितले. मी पत्र पाठवले आहे, पावती जपून ठेवली आहे.

पंख फुटलेले पूर्ण वाढीचे किडे पैदाशीसाठी घेऊ नका, त्यांचे थोडेच आठवडे उरलेले असतात. अर्धवट वाढीचे घ्या. अनामत तर कोणालाही देऊ नका. आणि ज्यांनी अलीकडे असे क्रेट घेतले आहेत, त्यांनी आज रात्रीच झाकण उघडून सुया मोजाव्यात.