‘एनईएफटी केलंय ताई, सोमवारी दिसेल’

ऑर्डरीवर छोटी शिल्पं करणाऱ्यांसाठी, त्यातही सांधे हलणाऱ्या फिगर घडवणाऱ्यांसाठी हे लिहितेय. व्हिडिओ गेममधल्या एका राक्षसाची सहा इंची फिगर माझ्याकडून करून घेतली गेली. ठरलेल्या ४५,००० रुपयांपैकी ९,००० मिळाले, उरलेल्या ३६,०००ची खोटी पावती आली आणि मूळ नग घेऊन तो माणूस नाहीसा झाला. आता त्या नगावरून साचे काढून प्रती विकल्या जाताहेत. बुडालेल्या रकमेपेक्षा या दुसऱ्या गोष्टीचा मला जास्त राग आहे. आमच्या कामात नग एकदाच घडतो, साचा हातात आला की त्याच्या कितीही प्रती निघतात.

मी कोल्हापूरची. शाडू, प्लास्टर, फायबर ही कामं शिकले, पण जीव रमला तो हातात मावणाऱ्या आणि हलणाऱ्या आकृत्यांत. लहानपणी आमच्या घरी फनस्कूलचे जी. आय. जो, म्हणजे हातपाय हलणारे छोटे खेळण्यातले सैनिक होते. पाठीवरचा स्क्रू काढला की आत कमरेला धरून ठेवणारी काळी रबरी रिंग दिसायची. ती कशी ताणली जाते आणि तुटली की अख्खा सैनिक कसा विस्कटतो, हे मी तेव्हाच बघून ठेवलं होतं. आज मी जे सांधे करते त्याचा पाया तिथे आहे.

या गिऱ्हाइकाचा पहिला मेसेज आला तोच शुद्ध मराठीत. पुण्यात छोटी गेम कंपनी आहे, पहिला गेम येतोय, त्यातल्या मुख्य राक्षसाची फिगर हवी आहे, असं त्याचं म्हणणं. नंतर फोन झाला. गेममधल्या राक्षसांचा इतिहास त्याला पाठ होता. १९९३च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘डूम’मधले बॅरन ऑफ हेल आणि सायबरडेमन हे राक्षस एड्रियन कारमॅक या चित्रकाराने आधी मातीत घडवले, मग चहूबाजूंनी फोटो काढून ते पडद्यावर आणले, पुढच्या वर्षी ‘डूम २’साठी रेव्हनंट हा हाडांचा राक्षस ग्रेगर पंचॅट्झने धातूच्या आर्मेचरवर, म्हणजे आतल्या आधाराच्या सांगाड्यावर, रबरी लेटेक्स चढवून केला, हे सगळं तो मला सांगत होता. हे खरंच आहे, आणि आमच्यासारख्यांना प्रिय आहे. ‘तुमचं काम मला स्क्रीनवर तसंच न्यायचंय ताई,’ तो म्हणाला. फसवायला येणारा माणूस आपल्या कामाचा अभ्यास करून येतो, हे ध्यानात ठेवा. तुमच्या विषयावर तो तुमच्याइतक्याच प्रेमाने बोलू शकतो.

त्याने पाठवलेलं चित्र सुंदर होतं. समोरून, बाजूने, पाठीमागून, अशी तीन दृश्यं. दलदलीतला प्राणी. मागे वळल्यासारख्या गुडघ्यांचे कुत्र्यासारखे पाय, खेकड्याच्या नांग्या, पाठीवर शिंपल्यांची रांग, खाली उघडणारा जबडा. चित्राचा उजवा खालचा कोपरा कापलेला होता. तिथे मूळ चित्रकाराची सही होती हे मला फार नंतर कळलं.

काम काय होतं हे सांगते, कारण त्याशिवाय पुढची लबाडी नीट कळणार नाही. १:१२ प्रमाणात सहा फुटी माणूस सहा इंचाचा होतो, आणि हा प्राणी वाकलेला असल्याने उंची तेवढीच ठेवून रुंदी बरीच वाढवावी लागली. अॅल्युमिनियमच्या तारेवर सुपर स्कल्पी, म्हणजे भाजून कडक होणारी कृत्रिम माती, चढवून अंग केलं, १३० अंशांवर भाजलं आणि मग सोनाराच्या करवतीने ते सांध्यांच्या जागी कापलं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं. खांद्याला गोळा आणि वाटी, कोपराला दुहेरी बिजागरी, घोट्याला पुढेमागे आणि आडवा असा दोन्ही झोक. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून पितळी पिना करून घेतल्या. वाटीसाठी गोळ्याला व्हॅसलीन लावायचं, भोवती एम-सील दाबायचं आणि ते कडक झालं की गोळा हलक्या हाताने फिरवत सोडवायचा. घाई केली तर वाटीचा काठ उडतो. सांधा सैल झाला तर गोळ्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा. रंगाला पुन्हा वेगळी जागा सोडावी लागते, नाहीतर पहिल्या वळणातच रंग खरवडून निघतो.

मागे वळलेल्या पायांवर हा प्राणी उभा राहायला तयार नव्हता. वजन पंजांच्या मागे जायचं. मी शेपटीला तीन सांधे दिले आणि तिला तिसऱ्या पायासारखी टेकवली, तेव्हा कुठे तो कुठल्याही अवस्थेत उभा राहायला लागला. चित्रात शेपूट हवेत होती. हा बदल पूर्णपणे माझा. डाव्या आणि उजव्या मांडीत गोंधळ नको म्हणून डावीच्या वाटीत, आतल्या बाजूला, दाभणाच्या टोकाने एक आडवी रेघ ओढली होती. याच दोन गोष्टी पुढे माझ्या उपयोगी पडल्या.

काम संपत आलं तेव्हा त्याची मागणी आली. फिगर रंगवू नका, नुसता राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पातळ हात, द्या. जोडूनही पाठवू नका, प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत घाला. ‘आमचा रंगवणारा माणूस पुण्यात आहे.’ ही एकच मागणी सगळं सांगते. जाहिरातीचं चित्रीकरण करायचं असेल तर गिऱ्हाईक रंगवलेला, उभा राहिलेला राक्षस मागतं. सुटे, बिनरंगाचे भाग लागतात ते साचा काढणाऱ्याला. प्रत्येक भाग अर्धा मातीत दाबून त्यावर सिलिकॉन ओतायचं असतं. जोडलेली फिगर त्याच्या काहीच कामाची नाही, आणि रंगाचा जाड थर बारीक तपशील बुजवतो. कुणी पूर्ण पैसे देण्याआधी सुटे भाग मागितले तर तो तुमच्याकडे साच्याचा ऐवज मागतोय, एवढं समजून किंमत आणि अटी ठरवा.

शुक्रवारी संध्याकाळी एनईएफटीची पावती आली. बँकेचं चिन्ह, माझं नाव, माझा खाते क्रमांक, सोळा अक्षरांचा यूटीआर म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, सगळं जागच्या जागी. पाठोपाठ ‘३६,००० रुपये जमा’ असा एसएमएसही. खात्यात काही नव्हतं. फोन केला तर म्हणाला, ‘केलंय ताई, पण उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. बँक बंद. सोमवारी दिसेल. इकडे कॅमेरामन बसून आहे, रात्रीच्या गाडीत टाका.’

त्या एका वाक्यात खोट किती होती बघा. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी वर्षभर, चोवीस तास चालते. दर अर्ध्या तासाला बॅच निघते आणि बॅच झाल्यावर दोन तासांच्या आत पैसे खात्यात पडायला हवेत. दुसरा शनिवार, रविवार, दिवाळी, काहीही असो. ‘सोमवारी दिसेल’ हे जुन्या काळातलं खरं होतं, म्हणून ते कानाला खरं वाटतं, आणि त्यावरच हा धंदा चालतो. आणि तो एसएमएस साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचा संदेश बँकेच्या अक्षरी नावाने येतो, असा कुणाच्या मोबाइलवरून येत नाही. पावतीचा फोटो हा पैसा नव्हे. खात्यातली शिल्लक बँकेच्या अॅपमध्ये आपल्या डोळ्यांनी वाढलेली दिसेपर्यंत पेटी बांधू नका.

पार्सल कसं गेलं, तेही महत्त्वाचं. कुरिअर नको, पत्ता बदलतोय, ट्रॅव्हल्सने पाठवा, असा त्याचा आग्रह. आपल्याकडे हे रोजचं आहे. स्टँडजवळच्या ऑफिसात खोकं दिलं, पावती घेतली, रात्रीच्या गाडीने सकाळी स्वारगेटला. तिथे पावतीचा फोटो आणि मोबाइल नंबर दाखवला की खोकं मिळतं. आईच्या लोणच्याच्या बरणीला ही सोय उत्तम आहे. इथे मात्र तिचा अर्थ असा झाला की घेणाऱ्याचा पत्ता आणि ओळखपत्र यातलं काहीच कुठे नोंदलं गेलं नाही. मी पावतीचा फोटो पाठवला. शनिवारी सकाळी माल उचलला गेला आणि दुपारपर्यंत माझ्या मेसेजवर एकच टिक यायला लागली. डीपी गेला. फोन लागेना.

नंतर मी त्याने दिलेली सगळी कागदपत्रं घेऊन बसले. कंपनीच्या लेटरहेडवर पुण्याचा पत्ता होता आणि जीएसटी क्रमांक सुरू होत होता २९ने. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, २९ म्हणजे कर्नाटक. मधली दहा अक्षरं पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की व्यवसायाचं नाव कुणालाही फुकट दिसतं. तो क्रमांक फरशीच्या एका दुकानाचा निघाला, आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराचा याच्याशी काही संबंध नव्हता. ९,०००चा अॅडव्हान्स ज्या यूपीआय खात्यावरून आला त्यावर तिसऱ्याच बाईचं नाव होतं. चित्राचा उलटा शोध घेतला तर ते परदेशातल्या एका चित्रकाराचं निघालं. म्हणजे गेम नव्हता, कंपनी नव्हती, आणि राक्षसही चोरीचा होता.

१९३० या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या बाई नीट बोलल्या. पण ती यंत्रणा मुख्यतः खात्यातून गेलेले पैसे वाटेत अडवण्यासाठी आहे. माझ्या खात्यातून काहीच गेलं नव्हतं, गेली होती ती वस्तू. ज्यांच्या खात्यातून पैसे वळते झालेत त्यांनी मात्र क्षणाचाही वेळ न घालवता १९३० लावावा, पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि मग पोलीस ठाण्यात गेले.

‘खेळण्याचे पंचेचाळीस हजार?’ हा तिथला पहिला प्रश्न. तुम्हालाही तो विचारला जाईल, म्हणून तयारीने जा. मी तारेच्या सांगाड्यापासून प्रायमरपर्यंतचे तारखेसकट फोटो, साहित्याची बिलं, लेथवाल्याची पावती, पूर्ण चॅट, खोटी एनईएफटी पावती आणि ट्रॅव्हल्सची पावती फाइलला लावून नेली होती. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, पूर्वीचं ४२०, आणि फसवून मालमत्ता द्यायला लावणं त्यात येतं. ‘मालमत्ता’ म्हणजे नुसती रोकड नव्हे, हे शांतपणे सांगावं लागलं. अर्ज घेतला गेला, पोच मिळाली. ट्रॅव्हल्सच्या स्वारगेटच्या ऑफिसातलं सीसीटीव्ही चित्रण मागवा असं मी अर्जात स्पष्ट लिहिलं होतं, कारण असं चित्रण काही काळाने पुसलं जातं. तपास चालू आहे.

काही महिन्यांनी एका मैत्रिणीने फोटो पाठवला. खरेदीविक्रीच्या एका ग्रुपवर माझा राक्षस, ‘इम्पोर्टेड रेझिन किट’ म्हणून, १,८०० रुपयांना. तिने पुराव्यासाठी एक मागवला. पिशवी उघडली आणि डावी मांडी आधी पाहिली. वाटीत आडवी रेघ होती. शेपटीला तीन सांधे होते, जे कुठल्याच चित्रात नाहीत. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला, माझ्या वहीत मांडी ४२ मिलिमीटर, प्रत साडेएक्केचाळीसच्या किंचित खाली. साध्या टिन-क्युअर (कथिलाच्या रसायनाने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचा साचा दिवसागणिक थोडा आकसतो, त्यामुळे प्रत मुळापेक्षा बारीक निघते आणि प्रतीवरून प्रत काढली तर आणखी बारीक. हे मोजमाप अर्जाला पुरवणी म्हणून जोडलं. नांग्यांच्या टोकांना हवेचे बुडबुडे होते, जबडा चिकटलेला होता. माझं काम असं लोकांच्या हातात जातंय हे बघवलं नाही.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे शिल्प ही कलाकृती आहे आणि नोंदणी केली नसली तरी हक्क लागू असतो. पण माझं शिल्प ज्या चित्रावरून झालं ते चित्र त्या माणसाचं नव्हतं, त्यामुळे मला एकटीला पुढे होऊन दावा सांगणं अवघड होतं. मी मूळ चित्रकाराला सगळी हकिगत लिहिली, माझे फोटो पाठवले. त्यांनी सभ्यपणे उत्तर दिलं आणि चित्राचे मालक म्हणून स्वतः तक्रार केली. ती जाहिरात आठवड्याभरात उतरवली गेली. तुमच्या बाबतीत असं झालं तर मूळ निर्मात्याला आधी गाठा, त्याचा शब्द तुमच्यापेक्षा लवकर ऐकला जातो.

आता मी काम घेताना चित्र कुणाचं, हे लेखी विचारते आणि सही असलेला अख्खा कागद मागते. निम्मी रक्कम तार वाकवायच्या आधी, उरलेली नग डोळ्यांना दाखवल्यावर, आणि दाखवणं म्हणजे गोल फिरणाऱ्या पाटावरचा व्हिडिओ, ज्यात माझं नाव फिगरच्या अंगावरून जातं. पैसे पूर्ण जमा होईपर्यंत कमरेची मुख्य पिन माझ्या ड्रॉवरमध्ये राहते. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी यावर कधी कुरकुर केलेली नाही. माल जातो तो पत्ता, सही आणि ओळखपत्र घेणाऱ्या कुरिअरनेच.

मागे वळलेल्या पायांचा, शिंपल्यांच्या पाठीचा, तीन सांध्यांच्या शेपटीचा राखाडी किट कुणाला विकायला दिसला, तर घेऊ नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, विकणाऱ्याचा नंबर आणि तारीख जपून ठेवा आणि मला कळवा. आधीच घेतला असेल तर डाव्या मांडीच्या वाटीत उजेड पाडून बघा आणि त्या रेघेचा फोटो पाठवा. पोलिसांकडे दिलेल्या फाइलला अजून पानं जोडता येतात.