धुळीचा कण गोल धरायचा की लांबुडका?

खान्देशातली धूळ प्रकाश कसा विखुरते यावर एम.एस्सी.चा प्रकल्प करायचा तर आकडेमोडीआधी हे ठरवावंच लागतं, कारण एकाच मोजमापातून दोन्ही गृहीतकं वेगवेगळं उत्तर देतात.

गोल कणावरून प्रकाश कसा विखुरतो याचं गणित जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांनी १९०८ मध्ये मांडलं. कणाची त्रिज्या आणि अपवर्तनांक (कणात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) दिला की साध्या लॅपटॉपवर क्षणात उत्तर. लांबुडक्या किंवा चपट्या कणासाठी टी-मॅट्रिक्स ही संगणकी आकडेमोडीची पद्धत लागते. ती वेळ खाते आणि कण फार मोठा किंवा फार चपटा असला की अडते. पण आता तयार तक्ते मिळतात, त्यामुळे निव्वळ सोयीसाठी गोल कण निवडू नये, असं माझं ठाम मत आहे.

खरा निकष आहे कोनाचा, म्हणजे प्रकाश मूळ दिशेपासून किती वळून विखुरला याचा: शून्य अंश म्हणजे सरळ पुढे, १८० म्हणजे सरळ मागे. सूर्याकडे थेट रोखलेल्या फोटोमीटरने (प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्राने) प्रकाश किती अडला एवढंच बघायचं असेल, तर कण गोल की लांबुडका याने फारसं बिघडत नाही. पुढच्या दिशेला, अगदी लहान कोनात विखुरणारा प्रकाशही मुख्यतः कणाच्या आकारमानावर ठरतो. गडबड होते ती बाजूला आणि मागे. साधारण ९० ते १५० अंशांत खरी माती गोलापेक्षा जास्त प्रकाश फेकते. १८० अंशांजवळ उलट, गोल कण जास्त चमकतो. म्हणून लिडारच्या (लेझर सोडून मागे परतलेला प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदीला गोलाचं गणित लावलं, तर धूळ आहे त्यापेक्षा विरळ निघते. आकाशाच्या तेजावरून कणांचं आकारमान काढताना तर नसलेले बारीक कण उत्तरात घुसतात.

मग गोल कण टाकूनच द्यायचा का? भुसावळकरांनी तसं करू नये. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळशातली खनिजं भट्टीत वितळतात आणि हवेतच थिजून गोल होतात. चिकटपट्टीवर थोडी राख घेऊन कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा, काचेच्या मण्यांसारखे कण दिसतील. शेजारी शेतरस्त्यावरचा फुफाटा ठेवा. कडा तुटलेल्या, कोपरे निघालेले, एकही गोल नाही. काळ्या मातीतली चिकणमाती तर मुळात पापुद्र्यांची.

राख आणि माती मिसळलेली असेल तर ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी एकाच दिशेत कंप पावतात का, ते मोजा. गोल कणावरून सरळ मागे आलेला लेझर आपलं ध्रुवीकरण टिकवतो, म्हणजे विध्रुवीकरणाचं गुणोत्तर (आडव्या दिशेत वळलेल्या प्रकाशाचं मूळ दिशेतल्या प्रकाशाशी प्रमाण) शून्य. वाळवंटी धुळीत हेच गुणोत्तर ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरव्या लेझरला ०.३ च्या आसपास जातं.

तेव्हा धुळे-नंदुरबारकडच्या वैशाखातल्या धुळीला लांबुडका कणच घ्या, तोही एकाच प्रमाणाचा नको; लांबी-रुंदीचं गुणोत्तर ०.३ ते ३ (१ पेक्षा कमी म्हणजे चपटा, जास्त म्हणजे लांबुडका) अशा सरमिसळीचा घ्या. एकाच प्रमाणाच्या कणांमुळे कोनानुसार विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखात जे चढउतार येतात, ते खऱ्या धुळीत नसतात.